शाकाहारी माणसाचं कोलेस्टेरॉल

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, नळदुर्गात भांड्यांचं दुकान चालवतात. आता गल्ल्यावर मी बसतो, पण गादी अजून त्यांचीच. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि अंड्याला जन्मात हात लावलेला नाही. हायवेनं जाताना ढाबा आला की अप्पा मान दुसरीकडं वळवतात. आमच्याकडं ढाबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळं त्यांच्या मानेला बराच व्यायाम होतो.

अशा माणसाला कोलेस्टेरॉल निघालं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला गेलो होतो. ऑपरेशनच्या आधी सगळं रक्त तपासून घ्या म्हणाले, म्हणून घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मान वर न करताच सवयीनं सांगितलं, मटण, अंडी एकदम बंद करा. अप्पांनी रिपोर्टच खोटा ठरवला. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणाले, बाहेर बसलेल्या कुणातरी खाणाऱ्याचं रक्त माझ्या नावावर चढलंय.

डॉक्टरांनी आता विभूती बघितली आणि माफी मागितली. मग नीट समजावलं. कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं, काही घराण्यांत जरा जास्तच करतं. अप्पांचे वडील चाळिशीतच बसल्या जागी गेले होते, हे ऐकल्यावर डॉक्टर गंभीर झाले आणि रात्री जेवणानंतर रोज एक गोळी लिहून दिली. ही गोळी बहुतेकांना काही त्रास देत नाही, म्हणाले, पण मनानं बंद करायची नाही. मांड्या-दंड विनाकारण दुखायला लागले, लघवी गडद झाली, तर लगेच कळवायचं. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. अप्पा प्रत्येक सूचनेला मान हलवत होते. शेवटच्या सूचनेला ती जरा कमी हलली.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हे घरी बोलायचं न्हाय. बाजारात तर अजिबात न्हाय.”

याला कारण होतं. अप्पांचे एक जिवलग मित्र आहेत, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. रोज सकाळी आमच्या दुकानात चहाला येतात. रविवारी मटण नसलं तर त्यांना तो रविवार वाटत नाही. मागं त्यांना हीच गोळी सुरू झाली, तेव्हा अप्पांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांना व्याख्यान दिलं होतं. ही सगळी मटणाची फळं, रस्सा सोडा, गोळी आपोआप सुटेल, असं बरंच. ड्रायव्हरकाकांनी ते चहासोबत मुकाट्यानं गिळलं होतं. आता अप्पांनी त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून गोळी भूमिगत झाली. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ती डोळ्याची गोळी म्हणून सांगितली गेली. ऑपरेशन होऊन महिने लोटले तरी डोळ्याची गोळी संपेना, तेव्हा अव्वानं एवढा कुठला डोळा आहे म्हणून विचारलं होतं. त्यावर अप्पा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. आमच्या घरात रागाची आणि अडचणीची भाषा कन्नड आहे. गोळ्यांची पाकिटं दुकानात वरच्या फळीवरच्या एका तांब्याच्या हंड्यात राहायची, आणि रोज दुकान बंद करताना अप्पा त्यातली एक गोळी खिशात टाकायचे. हंडा वर्षानुवर्षं खपला नव्हता, म्हणून जागा सुरक्षित. लग्नसराईत एका माणसानं नेमका तोच हंडा मागितला, तर अप्पांनी तो विकायचा नाही म्हणून सांगितलं. तो माणूस जास्त पैसे द्यायला लागला. मी गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होतो.

गोळी मात्र ते नेमानं घेत होते, आणि पुढचा रिपोर्ट चांगला आला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर तुरीच्या राशींच्या दिवसांत त्यांना खोकला झाला. चार दिवस काढे झाले, मग गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. सोबत ड्रायव्हरकाका, कारण मी दुकान सोडू शकत नव्हतो. डॉक्टरांनी विचारलं की दुसरं कुठलं औषध चालू आहे का. अप्पांनी एकदा शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडं बघितलं आणि काहीच न्हाय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी छातीचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिक दिलं.

खोकला कमी झाला, पण अप्पांचं अंग धरलं. आधी मांड्या, मग दंड. गादीवरून उठताना ते माझा खांदा मागायला लागले. वरच्या फळीपर्यंत हात जाईना, त्यामुळं गोळी काढून द्यायचं काम माझ्याकडं आलं. अव्वानं तिळाचं तेल कोमट करून चोळलं. ड्रायव्हरकाकांनी त्यांना बाजूला घेऊन अगदी कळवळ्यानं पाया सूप सुचवलं. तुम्हाला चालत न्हाय हे माहीत आहे, म्हणाले, पण औषध म्हणून डोळे मिटून घ्या, मी कुणाला सांगत न्हाय. अप्पांच्या अंगात ताकद असती तर त्या दिवशी मैत्री तुटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला हळूच सांगितलं, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय.

मला आत्ता कुठं सोलापूरच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. शटर अर्धं ओढलं, रिक्षा बोलावली. ड्रायव्हरकाका चहाला आलेच होते, तेही रिक्षात चढले. दवाखान्यात डॉक्टरांनी मांड्या दाबून बघितल्या आणि परत तोच प्रश्न केला. अप्पांनी परत मित्राकडं बघितलं. मी म्हणालो, “अप्पा, तुम्ही सांगता का मी सांगू?”

अप्पा पुढं वाकले आणि डॉक्टरांच्या कानात काहीतरी बोलले. डॉक्टरांचं वय झालेलं, त्यांना ऐकू जरा कमी येतं. ते म्हणाले, मोठ्यानं बोला. अप्पांनी डोळे मिटले.

“कोलेस्टेरॉलची गोळी चालू हाय.”

बाहेर बाकड्यावर बसलेल्यांनीही ते ऐकलं. ड्रायव्हरकाकांनी आपली खुर्ची अप्पांजवळ सरकवली. मग खालच्या आवाजात, जरा दुखावून म्हणाले, “कुठल्या ढाब्यावर जात होता? मला सांगायचं तरी. मी बी आलो असतो की.”

डॉक्टरांनी दोन्ही औषधं तिथल्या तिथं बंद केली आणि सोलापूरला पाठवलं. तिथं सलाईन लागलं, रक्त तपासलं, स्नायूंवर परिणाम झाला होता, पण किडन्या वाचल्या होत्या. तरुण डॉक्टर रागावले नाहीत, फक्त खुर्ची ओढून बसले. काही अँटिबायोटिकं ही गोळी अंगातून बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणाले. मग ती साठत जाते आणि स्नायूंना खाते. आधी सांगितलं असतं तर दुसरं औषध दिलं असतं, किंवा तेवढे दिवस गोळी थांबवली असती. अप्पा छताकडं बघत ऐकत होते. बरं वाटल्यावर, काही आठवड्यांनी, रक्त परत तपासून, वेगळी गोळी कमी ताकदीची सुरू झाली.

नळदुर्गात तोवर अप्पांच्या ढाब्याची बातमी पसरली होती. ती ड्रायव्हरकाकांनीच खोडून काढली. सोलापूरला अप्पांच्या उशाशी बसून त्यांनी लिव्हरचं सगळं ऐकलं होतं. ते चौकात उभं राहून लोकांना सांगायचे की ह्या माणसानं कधी काही खाल्लेलं न्हाय, ह्याचं लिव्हरच तसलं हाय. अप्पांना हा बचाव आधीच्या आरोपापेक्षा फार बरा वाटला असं नाही.

आता ते गोळी सगळ्यांना सांगतात. दाढ दुखली म्हणून तुळजापूरला दाताच्या डॉक्टरकडं नेलं, तर खुर्चीत बसायच्या आधी गोळीचं नाव, ताकद आणि वेळ सांगून झाली. चष्मा घ्यायला गेलो तिथंही सांगितली.

घराण्यात असतं म्हणून डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला लावलं. माझंही वाढलेलं निघालं. मी चौकातली भजी बंद केली आहेत, आणि डॉक्टर तीन महिन्यांनी परत बघू म्हणालेत. त्याच वेळी हौसेनं अव्वाचंही रक्त दिलं. ती रोज गरम भाकरीवर तुपाचा गोळा ठेवून जेवते. तिचा रिपोर्ट इतका चांगला आला की डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. अप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्याशी कन्नडमध्येच बोलत होते.