बिनमिठाच्या बरगड्या

माझी रोतुआ आत्या शुक्रवारच्या बाजारात शिरली की आमच्या बालिगे गावचे खाटीक आपापला माल निमूटपणे नीट मांडायला लागत. आत्या आधी सगळ्या दुकानांवरून एक फेरी मारायची, कुठेच थांबायची नाही. मग परत फिरून एखाद्याच्या फळीपुढे उभी राहायची आणि अंगठ्याने मांस दाबायची. दाबलेलं मांस लगेच वर आलं तर पुढचं बोलणं. खड्डा तसाच राहिला तर ती फक्त नाक मुरडायची, आणि तेवढ्याने त्या खाटकाचं दोन गिऱ्हाइकांचं नुकसान व्हायचं.

"मांगासी, ही डुकरीण तुझ्या आजोबांनी पाळलेली का रे?"

"काहीतरीच काय काकू! आज पहाटे कापलीय."

"कापली असशील पहाटे. जन्मली कधी ते सांग."

हाड रुंद आणि पिवळट म्हणजे जनावर म्हातारं. हाड बारीक, चपटं. मांस फिकट गुलाबी. वर करंगळीएवढी चरबी, त्याहून जास्त नको. आणि हाडाच्या टोकाशी नाक नेलं तर कसलाच वास नको. एवढं सगळं जुळलं तरच आत्याच्या पिशवीत बरगडी पडायची. घरी आणली की पहिली ती पिशवी जायची. पिशवीत मांसाला घाम सुटतो, असं तिचं म्हणणं. धुवायची नाही. कोरड्या फडक्याने टिपायची, केळीच्या पानात गुंडाळायची आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अगदी मागे ठेवायची. तिथे दोन दिवस, जास्त नाही. उरलेल्याच्या एकेका जेवणापुरत्या पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात. एकदा तिच्या मुलाने, बोनारने, त्या कप्प्यात आइस्क्रीमचा डबा ठेवला होता. संध्याकाळपर्यंत ते आइस्क्रीम सगळ्या गल्लीने खाल्लं होतं.

शिजवण्याचं तर विचारूच नका. पहिलं पाणी पाच मिनिटं उकळून फेकून द्यायचं. मग गवती चहा, आलं, हळद, लहान कांदे, मिरच्या, भाजून वाटलेलं खोबरं आणि आमच्या डोंगरातलं जिभेला मुंग्या आणणारं तिरफळ घालून तीन तास मंद आच. "हाड धरलं की मांस आपणहून उतरलं पाहिजे," ती म्हणायची. "ओढावं लागलं, तर अजून अर्धा तास." तिच्या हातची बरगडी खाल्ली की माणूस थोडा वेळ कुणाबद्दल वाईट बोलत नसे. आमच्या गावात ही मोठीच गोष्ट.

अशा बाईचं आणि तिच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, अकरा वर्षं बोलणं बंद होतं. तेही बरगडीवरूनच.

आम्हा बटाक लोकांत कार्याला डुक्कर कापलं की त्याचं डोकं कुणाचं, जबडा कुणाचा, शेपटीकडचा भाग कुणाचा हे सगळं नात्याने ठरलेलं असतं. बहिणीच्या घरच्या कार्यात बरगडी भावाच्या घराची. ही मानाची बरगडी चवीसाठी नसते. ती नुसत्या पाण्यात अर्धीकच्ची उकडतात, कारण पूर्ण शिजली तर हातात धरून वर उचलताना गळून पडेल. मीठही घालत नाहीत. पंचाने ती चारचौघांत वर धरायची, नाव पुकारायचं, आणि ज्याची त्याने उठून घ्यायची. घरी नेऊन पुढे तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

बोनारच्या लग्नात आतोबांनी जी डुकरीण आणली, ती पाहून आत्याला रडू यायचं बाकी होतं. हाडं पिवळी, मांस काळपट. 'असलं मी माझ्या भावाला देऊ?' म्हणून ती शुक्रवारी बाजारात गेली, कोवळ्या डुकराच्या बरगड्या निवडून आणल्या, दोन दिवस केळीच्या पानात जपल्या आणि लग्नाच्या सकाळी तीन तास चुलीपाशी उभी राहिली. मुलाचं लग्न मांडवात लागत होतं आणि वरमाय स्वयंपाकघरात आच कमी-जास्त करत होती.

पंचाने पुकारलं, "बरगडी, मामाच्या घराला!"

बाबा खांद्यावरची शाल सारखी करून उठले. आणि आत्या हसत हसत झाकणाचं पातेलं घेऊन आली.

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. कापलेल्या डुकरिणीची खरी बरगडी कुठे गेली याची चौकशी झाली, तर ती आत्याने वाजंत्रीवाल्यांना देऊन टाकलेली. बाबांनी पातेलं घेतलं आणि सरळ घरी आले. दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी विचारलं, "काय, बरगड्या कशा होत्या?" बाबा म्हणाले, "कुत्र्याला घातल्या."

दुपारच्या आत हे आत्याला कळलं. बाबांच्या मते बहिणीने भर मांडवात त्यांना मानाऐवजी जेवण दिलं होतं. आत्याच्या मते भावाने तिच्या हातचं कुत्र्याला घातलं होतं. दोघांचंही खरं होतं आणि दोघंही गाढव होते, हे माझं मत. पण ते कुणी विचारलं नाही. बाबांनी घरात बरगडी शिजवायला बंदी केली. आत्या चौकातल्या एका लंगड्या पिवळ्या कुत्र्याकडे, त्यानेच त्या खाल्ल्या असं धरून, अशी बघायची की ते बिचारं तिला पाहून बाकाखाली शिरायचं.

अकरा वर्षांनी आत्याच्या धाकट्या मुलीचं, लामरियाचं, लग्न ठरलं. आता मात्र आत्याची झोप उडाली. मामाने आपल्या हाताने मानाची शाल अंगावर घातल्याशिवाय आमच्यात मुलगी मांडवातून उठत नाही. मामा जिवंत आहे, तीन गल्ल्या पलीकडे राहतो, आणि आला नाही, तर मुलाकडचे काय म्हणतील? लामरिया आमच्याकडे येऊन माझ्यापाशी रडून गेली. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "तिच्या आईला रीत माहीत आहे."

रीत माहीत होती. आत्याने मागच्या अंगणात एक डुक्कर वाढवलं, आठ महिने रताळ्याचा पाला खाऊ घालून. लग्नाच्या आधीच्या रविवारी ते कापून, त्याचं डोकं आणि अख्खी बरगडी उकडून, ती भावाच्या दारी मान घेऊन यायची होती. भावाने तो घेतला आणि उलट मासा दिला, तर आशीर्वाद मिळाला. मासा नाही दिला, तर ज्याने त्याने आपल्या घरी जावं.

त्या दिवशी सकाळी आमच्या न्हाणीघरात टबात एक मोठा मासा पोहत होता.

"आई, हा कुणी आणला?"

"मी," आई कुजबुजली. "बोलू नकोस त्यांच्यापाशी. नाहीच जमलं तर आपण खाऊ."

बाबा तोंड धुवायला गेले, टबाकडे पाहिलं, तोंड धुतलं, बाहेर आले.

आम्ही चर्चमधून परत येताच आत्या आली. मागे आतोबा, लामरिया आणि डोक्यावर परात घेतलेला बोनार. परातीत डुकराचं डोकं, शेजारी अख्खी बरगडी. करडी, थंड, कोरडी. आत्याचा चेहरा तिच्याहून करडा. मला बाजूला ओढून म्हणाली, "तिऊर, मीठ नाही घातलं गं. चिमूटभरही नाही. माझा हात दोनदा बरणीपाशी गेला होता. बोनारने बरणी उचलून नेली."

बाबा चटईवर शाल घेऊन बसले होते. अकरा वर्षांत त्यांचे वरचे चार आणि खालचे तीन दात उरले होते. तेवढेच ताठ ठेवून बसले होते म्हणा. आतोबांनी परात पुढे सरकवली, रीतीप्रमाणे बोलले. आत्या मान खाली घालून म्हणाली, "दादा, हा तुझा मान. घरचंच जनावर आहे. कशाची भेसळ नाही."

बाबांनी बरगडी दोन्ही हातांनी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग आईने सुरीने एक तुकडा काढून दिला. मान घेतला की एक घास खावा लागतो.

बाबांनी घास तोंडात टाकला. डावीकडून चावला. उजवीकडून चावला. मग मधल्या दातांनी. आम्ही सहा माणसं बाबांच्या जबड्याकडे बघत बसलो होतो. चावता चावता त्यांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि घास तसाच गिळला.

"मान पोचला," ते म्हणाले.

आणि हात पुसले. माशाचं नाव नाही. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. लामरियाचे डोळे भरून आले.

"कुठे निघालीस?" बाबा म्हणाले. "हे असलं मी खाऊ? तुमच्या घरात मीठ संपलंय का?"

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा! मीठ घातलं की मान जातो, आणि नाही घातलं तर मीठ नाही? मी करू तरी काय?"

"मान मी घेतला. आता ही माझी बरगडी आहे, माझ्या घरातली. वहिनीला विचार चूल कुठे आहे, आणि ही नीट कर."

"वन्सं, या," आई म्हणाली. "तिरफळ मी कालच आणून ठेवलंय."

"आणि त्या टबातल्या माशाचं काय?" बाबा मोठ्याने म्हणाले. "तो काय नुसता पोहायला आणलाय? लामरियाला हातावर काय देऊ मी, पाणी?"

लामरिया मामाच्या पायाशीच बसली. आतोबांनी नाक शिंकरलं, बराच वेळ शिंकरलं.

त्यानंतरचे तीन तास आमचं स्वयंपाकघर आत्याचं होतं. आईच्या तव्याला नावं ठेवून झाली, माझ्या कांदा चिरण्याला ठेवून झाली. अर्धीकच्ची उकडलेली असल्यामुळे पहिलं पाणी फेकायची गरज नव्हती, तरी तिने फेकलं. तिचं तिच्याच मनावर चालत नाही. शेजारच्या चुलीवर मासा हळदीत शिजत होता. खोबरं भाजल्याचा वास सुटला तसे बाबा चटईवरून उठून ओसरीत आले, ओसरीतून उंबऱ्यावर आले, आणि उंबऱ्यावरच बसले. अकरा वर्षांत त्या घरात तो वास आला नव्हता. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

आधी मासा वाढला गेला. बाबांनी तो भातावर ठेवून आत्याच्या आणि लामरियाच्या पुढे सरकवला आणि आशीर्वाद दिला; शाल कुठल्या रंगाची हवी तेही विचारलं. मग बरगड्या आल्या. बाबांनी हाड धरलं, मांस आपणहून उतरलं. सात दातांना काही कामच नव्हतं. एक झाली, दोन झाल्या, चौथीला हात घातला तेव्हा आत्या पळी हातात घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"दादा, एक विचारू? त्या दिवशीच्या माझ्या बरगड्या तू खरंच त्या लंगड्याला घातल्यास? की दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला?"

बाबांनी हाड खाली ठेवलं. आईकडे पाहिलं. आई भाताच्या भांड्यात बघत होती.

"लंगड्याने काही खाल्लं नाही," बाबा म्हणाले. "तो कुत्रा मीच."

आत्याची पळी खाली आली. "सगळ्या?"

"सगळ्या. पातेलंसुद्धा पुसून खाल्लं."

"मग आवडल्या होत्या का रे कुत्र्याला?"

बाबांनी चौथी बरगडी उचलली.

"मीठ जरा कमी होतं," ते म्हणाले.

आत्याने पळी उगारली, आणि तशीच उगारलेल्या हाताने रडायला लागली.