मामांचं औषध आणि परसातली केळ

आता हसायचंच असेल तर पोटभर हसा, पण एक आधीच सांगून ठेवतो. फजिती झाली, कबूल. पण मी चुकलो असं माझ्या तोंडून कुणी वदवून घेणार नाही. पश्चात्ताप? छे. चहा घ्या, निवतोय.

मॅट्रिकच्या वर्षी मी आंबिवलीहून ठाण्याला मामांकडे राहायला आलेलो. मामा कलेक्टर कचेरीत कारकून. वडिलांचं आणि त्यांचं ठरलेलं होतं: पोरगा पास झाला तर कचेरीत चिकटवायचा, नापास झाला तर बाळकुमला मिठागरावर. मिठागर म्हणजे डोक्यावर ऊन, पायाखाली मीठ आणि मध्ये आपण. मला काही खारवून निघायचं नव्हतं.

पण वाचायला बसलं की झोप! भूमितीचं पुस्तक उघडायचा अवकाश, डोळे मिटलेच. हे आमच्या घराण्यातलंच असावं, कारण मामाही कचेरीत कागदांवर डुलायचे. एकदा साहेबाने त्यांना ऐन घोरताना पकडलं आणि बजावलं, दवाखान्यातल्या डॉक्टरचं औषध घ्या, नाहीतर पेन्शन घ्या.

डॉक्टर वसईकडचे किरिस्ताव, अगदी सज्जन माणूस. त्यांनी झोप उडवणारं, तरतरी आणणारं औषध दिलं. तांबूस रंगाचं, आणि बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी. मामी म्हणाल्या, यात दारूचा अंश असतो, ही बाटली माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. म्हणून ती गेली मागच्या पडवीतल्या कोनाड्यात. आणि पडवीत अभ्यासाला कोण बसायचं? बरोबर ओळखलंत.

मामा रोज स्नान करून पडवीत यायचे, ‘औषधं जाह्नवीतोयं’ म्हणत पेल्यात एक डोस ओतायचे आणि पेला घेऊन परसात जायचे. सोवळ्यात विटाळ नको म्हणून बाहेर उभ्याने घेतात, असं मामी कौतुकाने सांगायच्या. थोड्या वेळाने मामा मिशा पुसत परत.

एक दिवस मी घोटभर चाखून पाहिलं. कडू जहर. पण काय सांगू, घटकाभरात डोकं असं लख्ख झालं की भूमितीचे सिद्धांत सुलटे पाठ, उलटे पाठ! बाटली खुणेखाली उतरली होती, तेवढं विहिरीचं पाणी घातलं. रंग फिका पडला, तर मामांच्या पानाच्या डब्यातला कात घातला. कोण ओळखतोय?

तिकडे मामांच्या डुलक्या चालूच. साहेब डॉक्टरांवर उखडला. डॉक्टरांनी पुढची बाटली अधिक कडक दिली. ती मी प्यायलो. मामा पुन्हा घोरले, डॉक्टरांनी त्याहून कडक दिली. तीही मीच. मामांच्या पोटात आपण पाणी घालतोय, त्यांची नोकरी जाईल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण साहेब मामांना ओरडला तर फार तर पेन्शन, माझ्या नशिबी तर थेट मिठागर. आपला जीव आधी.

माझी गाडी मात्र सुसाट. देवळात पुराणिकबुवांना मध्येच थांबवून त्यांची चूक काढली. दूध घालायला आलेल्या गवळ्याला तो नको नको म्हणत असताना पानिपत समजावलं. छाती धडधडायची, हात कापायचे, जेवण जाईना. लोक म्हणायचे, पोरगा भलताच हुशार निघाला. मामींनी तर मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली.

परीक्षा मुंबईला, मोठ्या मंडपात. निघताना वाटलं, आज हात आखडता कशाला? शेवटची बाटली सगळ्यात कडक होती, तिच्यातले दोन डोस एकदम मारले.

इतिहासाचा पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न पानिपतावर. मग काय, मी लिहीत सुटलो! कागद मागितला, आणखी मागितला. देखरेख करणारा गृहस्थ माझ्याकडे आदराने बघायला लागला. घंटा झाली तेव्हा भाऊसाहेब नुकते हत्तीवरून उतरत होते. छाती काढून बाहेर आलो. बरोबरच्या पोराने विचारलं, दुसरा प्रश्न कसा गेला?

मी म्हटलं, “दुसरा होता?”

निकालाचं काय सांगायचं? मामांनी मला परसात उभं केलं आणि म्हणाले, वळकटी बांध, उद्यापासून मिठागर. मामी दारात उभ्या. मला असा संताप आला की म्हटलं, झाकून तरी काय ठेवायचं?

“मामा, तुमचं औषध मी प्यायलो,” मी ताठ मानेने म्हटलं. “तुम्ही प्यायलात ते विहिरीचं पाणी आणि कात. त्यावर तुम्ही ठणठणीत आहात. मग मी कुणाचं काय बिघडवलं?”

आता मामा माझ्या कानाखाली वाजवतील म्हणून मी गाल पुढे करून उभा. तर मामांचा चेहराच उतरला. मामींकडे चोरून बघत ते हळूच म्हणाले, “पाणी तरी मी कुठे प्यायलो रे? ते मी रोज केळीला ओतत होतो.”

आम्ही तिघांनी केळीकडे बघितलं. हा एवढा घड लागलेला.

मामी माझ्याकडे वळल्या. “म्हणजे या घरात दारूने बाटलेला तू एकटाच.”

झालं! भटजी आले, पंचगव्य आलं. माझ्या तळहातावर ते पळीने ओतायला कोण बसलं? मामा. आणि ओठांवर काय? ‘औषधं जाह्नवीतोयं.’ मी एकही थेंब सांडला नाही. आणि त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हटलं, “याच्यापेक्षा डॉक्टरांचं बरं होतं.”

दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेलो तो आजतागायत तिथेच कारकून आहे. तिथल्या उन्हात अशा डुलक्या येतात म्हणून सांगू! गेल्या साली आमच्या साहेबाने मला मिठाच्या ढिगाला टेकून घोरताना पकडलं आणि त्याच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर आता म्हातारे झालेत. त्यांनी तीच बाटली दिली, तशीच पट्टी लावून. बायकोने ती पडवीत ठेवली.

मी पितो का? अहो, पुन्हा पंचगव्य कोण घेणार? उगाच प्रश्न विचारू नका. हे केळं घ्या, आमच्या परसातल्या केळीचं आहे. घरात पास होणारी ती एकटीच.