दोन खाचांची पट्टी

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उतरून ‘टायपिंगवाल्या बाई कुठी राह्यते?’ असं विचारलं, की कोणीही फरहतच्या दारापर्यंत आणून सोडायचं. लग्नाआधी ती मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली होती. लग्नानंतर नवऱ्यानं, शहबाजनं, नागपूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणून समोरच्या खोलीत मांडला. स्वतः शहबाजचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो दुकानात, ही घरात, असं दोघांचं बरं चाललं होतं. कॉलेजातल्या पोरींचे प्रबंध, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, सगळं फरहतच्या हाताखालून जायचं.

२००३ च्या गणपतीत गुणवंतराव आले. निवृत्त मास्तर. झाडीपट्टीतल्या मंडळ्यांसाठी नाटकं लिहायचे. तीन वह्या टेबलावर ठेवून म्हणाले, “फरहतबाई, चार अंकी आहे. यंदा पुस्तक काढतो म्हणतो. दिवाळीनंतर धान निघालं की नाटकं सुरू होते, त्याच्या आत पाह्यजे.”

“होऊन जाईन भाऊ,” फरहत म्हणाली. पहिला अंक झालाही.

दुसऱ्या अंकात मात्र मशीन थकलं. पुस्तकाची फाईल वाढत गेली तशी आतून नुसती घरघर. अक्षर दाबावं, उठून चहा ढवळावा, परत यावं, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटे. नायिका बापाला सोडून निघते त्या प्रवेशात तर मशीन असं गोठलं की दोन पानं गेली. फरहतनं ती पुन्हा टाइप केली आणि पुन्हा गेली. गावातल्या कॉम्प्युटर क्लासचे सर येऊन पाहून गेले. “मेमरी कमी आहे. चौसष्ट एमबीच आहे. वाढवून घ्या,” म्हणाले.

घड्याळांचे सेल आणायला शहबाज नागपूरला गेला, तेव्हा दुकानदारानं दिली ती सगळ्यात नवी मेमरी घेऊन आला. वीतभराहून थोडी लहान हिरवी पट्टी. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, पट्टी जागेवर टेकवली, भिंगातून पाहिलं आणि हात मागे घेतला.

“काय झालं? दाबा न थोडं.”

“नाई,” शहबाज म्हणाला. “याले खालून एकच खाच हाय. आपल्या जुनीले दोन हायेत. दाबलं तर बसन, पण मंग पट्टी अन् जागा दोन्ही मोडन.”

फरहतला वाईट वाटलं, पण दाबलं नाही याचं बरंही वाटलं. कॉम्प्युटरच्या खोक्यात तळाशी एक इंग्रजी पुस्तिका पडली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच न निघालेली. ती तिनं काढली. स्वयंपाक आटोपला की शब्दकोश मांडीवर घेऊन रोज दोन-तीन पानं. आठवडाभरात तिला हवं ते पान सापडलं. जुन्या मदरबोर्डला जुन्याच जातीची, दोन खाचांची पट्टी लागते. नव्या जातीची बसतच नाही. एका जागेत दोनशे छप्पनपर्यंत चालते. आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : दोनशे छप्पनची असेल तर तिच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा चिपा हव्यात. एकाच अंगाला आठ असतील, तर हा बोर्ड त्यातली अर्धीच ओळखतो.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग जुनी पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिचा आकार काढला, खाचांसकट.

“तुम्ही नोका जाऊ आता,” ती शहबाजला म्हणाली. “मीच जातो.”

उमरेडमार्गे बसनं ती सकाळी निघाली. पर्समध्ये कागद, जुनी पट्टी आणि परत करायची नवी. दुकानात गर्दी होती. दुकानदारानं न कुरकुरता नवी परत घेतली आणि दोन खाचांची दुसरी काढून दिली. “घ्या बाई. दोनशे छप्पन.”

फरहतनं ती उलटवली. एका अंगाला आठ चिपा, दुसरं अंग कोरं.

“ही नाई चालणार भाऊ. दोन्हीकडून पाह्यजे, सोळा.”

“अहो बाई, दोनशे छप्पन म्हणजे दोनशे छप्पन. आठ काय अन् सोळा काय!”

“लावून दाखवता का?”

बाजूला दुरुस्तीला आलेलं तसंच जुनं मशीन होतं. दुकानदार हसत उठला, त्यातली पट्टी काढून ही लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर आकडा पळत सुटला आणि एकशे अठ्ठावीसवर थांबला. त्यानं बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेवढाच. दुकानातली माणसं मान वळवून पाहू लागली.

“माल खराब हाय काय?” कोणीतरी विचारलं.

“माल चांगला हाय,” फरहत म्हणाली. “या मशीनले झेपत नाई.”

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं आणि एक खुर्ची पुढे सरकवली. “बसा बाई.” मग आतल्या कपाटातले खोके उलथेपालथे करून अर्ध्या तासानं सोळा चिपांची पट्टी आणली. ती लावल्यावर आकडा दोनशे छप्पनपर्यंत गेला. “हे कुठी शिकलात?” त्यानं विचारलं. “पुस्तकात लिहून होतं,” ती म्हणाली, आणि त्यानं मागवलेला चहा प्यायली.

घरी शहबाजनं जुनी आणि ही, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या. दोन्ही बाजूंच्या पकडी टक्‌ टक्‌ करून मिटल्या. मशीन सुरू झालं, आणि फरहतनं नाटकाची फाईल उघडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसतीच पळवली. एकदाही अडली नाही. नायिकेचा प्रवेश तिनं तिसऱ्यांदा टाइप केला आणि या वेळी टाइप करता करता तिचे डोळे भरून आले, इतका तो चांगला होता. आधी घाईत तिला कळलंच नव्हतं.

पुस्तकं वेळेवर निघाली. गुणवंतरावांनी पहिली प्रत तिला आणून दिली.

पुढे नागपूरचा तो दुकानदार ब्रह्मपुरीकडच्या गिऱ्हाइकांना सांगू लागला, “आधी फरहतबाईंना विचारा, मग या.” लोक डबे घेऊन यायचे. ती बोर्डाचं नाव पाहायची, खाचा आणि चिपा मोजायची, चिठ्ठी लिहून द्यायची. दुकान मात्र तिनं काढलं नाही. “मले टायपिंग आवडते,” म्हणायची.

एकदा करिष्मा नावाची अंगणवाडीताई वडसाहून बसनं अख्खा डबा मांडीवर घेऊन आली. “ताई, लय हळू चालते. कोणती मेमरी घेऊ?”

फरहतनं झाकण काढलं, डबा अंगणात नेऊन फुंकला. आतल्या पंख्यावर कापसासारखी धूळ होती. ती झटकली, ब्रशनं कोपरे साफ केले, लावून पाहिलं. पंखा मोकळा फिरू लागला आणि मशीनही.

“काही घेऊ नको,” ती म्हणाली. “धुळीनं मशीन तापते, म्हणून हळू चालते. महिन्यातून एकदा झाडत जा. आता आलीच हायेस तर जेवून जा, चपात्या होऊनच राह्यल्या.”