सुटीनंतरचा दम

बाजाराच्या दिवशी कापसातली सरकी काढायचं जिन बंद असे. आठवड्यातली तेवढीच सुटी. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, माझा धाकटा भाऊ रुईच्या धुळीत उभा राहिला, की त्याची छाती आवळायला लागे. संध्याकाळ होईतो त्याचं एक वाक्य पुरं होईनासं होई. मग छाती रोज थोडी सुटत जाई, आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी तो मोर्णा नदीच्या काठानं माझी चेष्टा करत घरी येई. जिनातले म्हणत, "सुटीचा आळस उतरून नाई राहिला."

ही अकोल्यातली गोष्ट, एकोणीसशे साठच्या आगेमागेची. मी कापसाची दलाली करत होतो. अमरावतीच्या बाजारात हमाली करता करता भाव करायला शिकलो. कुणी बोट धरून शिकवलं नाही. अकोल्यात कोणत्या गाड्या कोणत्या जिनाच्या फाटकात जायच्या, ते तोवर माझ्या शब्दावर ठरू लागलं होतं.

एकदा दम फारच लागला तेव्हा मी त्याला टांग्यात घालून जुन्या शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दंडात सुई टोचली. थोड्या वेळात भावाचे वर चढलेले खांदे खाली आले. मी विचारलं, सुईत काय होतं? न विचारता मी माल घेत नाही.

डॉक्टर खूश झाला. कागदावर नळी काढली, तिच्याभोवती कडी काढली. "श्वासाच्या नळ्यांभोवती असे स्नायू असतात. हातापायाच्या स्नायूंसारखे ते तुमचा हुकूम मानत नाहीत. आतड्याचे, रक्तवाहिन्यांचे, सगळे याच जातीचे. त्यांना शरीरातून निरोप लागतो. रुईच्या धुळीनं छातीतल्या काही पेशी एक द्रव्य सोडतात. ते या स्नायूंच्या पेशींवर जाऊन बसलं, की स्नायू आवळतात. सुईतलं द्रव्य त्याच पेशींवर वेगळ्या जागी बसतं आणि त्यांना सैल व्हायला सांगतं. तुमच्या अंगातही असतं ते. माणूस भडकला की रक्तात उतरतं."

भावाला पहिला पुरता श्वास मिळाला होता. तो म्हणाला, "मंग औषध घरीच हाये, डॉक्टरसाहेब. दादाले फक्त कापसाचा भाव पाडून सांगा."

कंपाउंडरसुद्धा हसला. मी नाही हसलो.

आम्ही पायऱ्या उतरत असताना डॉक्टर मागून म्हणाला, "त्याला धुळीपासून लांब ठेवा." एवढंच. स्नायू शिकवायला त्याला वेळ होता, कामाची गोष्ट मात्र पाठीमागून फेकली.

लांब ठेवायचं म्हणजे सुटी वाढवून घ्यायची. कुणालाही तेच सुचलं असतं. मी जिनाच्या शेठकडे गेलो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीही भावाला सुटी द्यायची, त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. बदल्यात हंगामभर माझ्या सगळ्या गाड्या त्याच्याच फाटकात. बाजारात भाव ठरवतात तसा शेठनं रुमालाखाली माझा हात घेतला आणि दाबून सोडला. "दिली. अजून काई?"

पहिल्या बोलीला हो म्हणणाऱ्याशी मी कधी सौदा केला नव्हता. त्या दिवशी केला.

दोन दिवस भाऊ घरी मजेत पडून राहिला. तिसऱ्या दिवशी कामावर गेला आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत हमालांनी त्याला उचलून अंगणात आणला. पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट. मी पोचलो तेव्हा ओठ काळेनिळे झालेले, आणि शेठ फाटकात उभा.

"दोन-दोन दिवस आराम करून येऊन राहिला, तरी दम लागते? याले जिन नाई, पलंग लागते. उद्यापासून येऊ नको म्हणा."

माझं डोकं फिरलं. "रुई तुही, सरकी तुही, अन् धूळ कोणाची रे?"

सगळं जिन ऐकत होतं. शेठ आवाज न चढवता म्हणाला, "काट्यावर जागा होती, भाऊसाहेब. वजनवाला सोडून गेला होता. काटा फाटकापाशी असते, तिथं रुई उडत नाई. तुमी मागितलीच नाई."

"आता द्या."

"आता भरली."

तिथून भावाला घेऊन डॉक्टरकडे. सुई झाल्यावर मी सुटीचं सांगितलं, तर त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, सुटीनंच वाढतं हे! रोज धूळ लागली की पेशींतला त्या आवळणाऱ्या द्रव्याचा साठा रिता होत जातो. आठवड्याच्या शेवटी बरं वाटतं ते म्हणूनच. विश्रांती मिळाली की साठा भरतो. तुम्ही तो आणखी भरून दिलात."

"हे आदी काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

विकणारा मालातली खोट झाकतो, ते मी समजू शकतो. त्यात त्याचा नफा असतो. डॉक्टरला गप्प राहून काय मिळालं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या माणसाला मी माफ केलं नाही, करणारही नाही.

भाऊ घरी बसला. सौदा मात्र झालेला होता. रुमालाखाली दिलेला शब्द मोडला असता, तर बाजारात पुन्हा कुणी माझा हात हातात घेतला नसता. हंगाम संपेपर्यंत मी गाड्यांच्या पुढे चालत त्याच फाटकातून आत जात होतो. शेठ राम राम करी, मीही करी.

एका संध्याकाळी भावानं खाटेवरून सहज विचारलं, "दादा, काट्यावर आता कोन बसते?"

"मले काय माईत," मी म्हटलं.

मला माहीत होतं. माझ्या गाड्या रोज तोच मोजत होता.