क्लचमागचा स्क्रू

यश गेला तेव्हा शामकांत भर समुद्रात होते. मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. पुढचं बंदर येईपर्यंत उतरायची सोय नव्हती. ते पासिर रिस भागातल्या आपल्या फ्लॅटवर पोचले तोवर मुलाचे अंत्यसंस्कार उरकले होते. बायकोनं, कुमुदनं दार उघडलं, त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या."

यशला चिखलातून, रानवाटांवरून बाईक चालवायचा नाद होता. सुट्टीला मित्रमंडळींबरोबर देशाची हद्द ओलांडून पलीकडे जोहोरला जायचा, पाम तेलाच्या मळ्यांतून हिंडायचा. तिथल्याच एका उतारावर मागचं चाक अचानक जाम झालं आणि तो दगडांवर फेकला गेला. पोरगा सुसाट गेला असणार, असंच सगळे धरून चालले. कुमुदसुद्धा. ती रडत नसे, यशवर चिडलेली असे. किती वेळा सांगितलं सावकाश जा म्हणून, एक ऐकलं नाही, असं कपडे वाळत घालताना पुटपुटत राहायची.

बाईक शहरातल्या काकी बुकित भागात एका गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. शामकांतांनी मालकाला विचारून इंजिन उघडलं. तेल काढलं, झाकण खोललं, क्लच बाहेर घेतला. त्याच्या मागे न्यूट्रलचा दिवा लावणारा एक छोटा स्विच असतो, दोन स्क्रूंवर बसवलेला. एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता. दुसरा चेचलेला, गिअरच्या दातांत अडकलेला सापडला; चाक जाम झालं ते त्यानंच. हादऱ्यांनी सैल होत होत सुटला असणार. बाहेरून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. तो तुकडा फडक्यात धरून ते तिथेच स्टुलावर बसून राहिले.

घरी आल्यावर त्यांनी कुमुदला सांगितलं, "त्याची चूक नव्हती गं. आतला स्क्रू सुटला होता."

"त्याच्यावर रागावता येत होतं तोवर बरं होतं हो," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

शामकांत पुन्हा जहाजावर गेले नाहीत. यशबरोबर बाईकवरून हिंडायला जाणारी मैत्रेयी एकदा भेटायला आली, तेव्हा त्यांनीच तिची बाईक मागून घेतली. त्या बाईकच्या स्विचचाही एक स्क्रू हलत होता. त्यांनी दोन्ही काढले, आट्यांवरचं तेल निपटून पुसलं, कारण स्क्रू सैल होऊ न देणारं लॉकिंगचं औषध तेलकट आट्यांना धरत नाही. औषध लावून स्क्रू आवळले आणि डोक्यांना भोकं पाडून एकमेकांना बारीक तारेनं बांधून टाकले. हळूहळू बाकीची मुलंही बाईक घेऊन येऊ लागली. गॅरेजमालकानं त्यांना एक कोपरा दिला. एखाद्या बाईकचा स्क्रू सैल निघाला की हात थांबायचे. त्या मुलाच्या घरी आज सगळे जेवायला बसतील, असं काहीतरी मनात यायचं, आणि मग आपल्या घरातलं जेवणाचं टेबल आठवायचं.

कुमुद गॅरेजकडे कधी फिरकली नाही. पण मैत्रेयी घरी आली की तिला खाऊ घालायची. एका शनिवारी निघताना मैत्रेयी म्हणाली, उद्या आम्ही जोहोरला चाललोय. कुमुद तिच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेली आणि म्हणाली, "परत आलीस की मेसेज कर."

रविवारी संध्याकाळी दोघं फोन समोर ठेवून बसली होती. मेसेज आला. शामकांतांनी वाचून दाखवला.

"पोचली," कुमुद म्हणाली, आणि उठून यशच्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.