सरकारला जामीन कोण?

अस्नाकेचने सरकारवर दावा लावला ही बातमी मरियम मातेच्या चर्चमध्ये प्रवचन संपायच्या आत शेवटच्या बाकापर्यंत पोचली. पुढच्या रविवारी तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. वॉशिंग्टनच्या या उपनगरात येऊन आमच्या माणसांना वीस-वीस वर्षं झाली, घरं झाली, गाड्या झाल्या, तरी सरकार म्हटलं की आवाज खाली येतोच. इथिओपियात सरकारला कोर्टात खेचणारा माणूस नंतर फारसा कुणाला दिसत नसे.

अस्नाकेचच्या नवऱ्याला तिकडच्या शिपायांनी जीपमधून नेलं, तो परतला नाही, म्हणून तर ती पळून आली होती. सहा वर्षांच्या मुलीला, बेझाला, तिकडेच देब्रे बिरहान शहरात बहिणीकडे ठेवलं, लगेच बोलावते म्हणाली. आल्या आल्या आश्रयाचा अर्ज केला. तो मंजूर झाल्याशिवाय मुलीला आणता येत नव्हतं. त्याला नऊ वर्षं झाली. ती पार्किंगच्या काचेच्या खोलीत बसून लोकांच्या गाड्यांसाठी दांडा वर-खाली करत राहिली. कचेरीकडून उत्तर मात्र न चुकता येई : आपला अर्ज विचाराधीन आहे. इतका विचार माणूस स्वतःच्या लग्नाचाही करत नाही.

दाव्यात तिने मागितलं ते एवढंच, की हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.

दोन महिन्यांनी तिच्या वकील होल्झमनबाईंचा फोन आला. "त्यांचा वकील म्हणतोय, दावा मागे घ्या, आम्ही मुलाखतीला बोलावतो. मागे घेत नसाल तर निदान थांबवून ठेवा. सोमवारपर्यंत सांगायचंय."

"मागे घेतला आणि बोलावलंच नाही तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि थांबवला तर?"

"तर कोर्टातच झोपून राहतो. त्यांनी शब्द मोडला की उठवायचा."

शुक्रवारी तीन ज्येष्ठ तिच्या दारात उभे. धर्मगुरू अब्बा तेक्ले, किराणा दुकानवाले आतो, म्हणजे आमच्यातले श्रीयुत, मुलुगेता, आणि एके काळी अदिसमध्ये करवसुली करणारे, त्यामुळे अजूनही सरकारच्या बाजूने बोलणारे आतो देम्से. आमच्यात तंटा कोर्टात गेला की ज्येष्ठ मध्यस्थीला येतात, आणि त्यांना नाही म्हणत नाहीत. उपासाचा वार, मांस-दूध वर्ज्य, म्हणून तिने इंजेऱ्यावर, आमच्या आंबवलेल्या धिरड्यावर, डाळीच्या पिठाचं शिरो वाढलं.

"लेकी, मोठ्यांशी भांडू नये," अब्बा म्हणाले.

"भांडत नाही, अब्बा. विचारतेय."

"विचारायला वकील लागतो?" देम्से म्हणाले.

"नऊ वर्षं वकिलाशिवायच विचारलं की."

मुलुगेतांनी घास खाली ठेवला. "तुझ्यापायी माझ्या भाच्याचा अर्ज अडकला म्हणजे?"

"तो पाच वर्षं अडकलाय, आतो मुलुगेता. माझा दावा दोन महिन्यांचा आहे."

"तोंड फार चालतं हिचं," देम्से शिरो पुसून घेत म्हणाले. "अगं, सरकार आपणहून म्हणतंय, मागे घे, बोलावतो. आणखी काय पाहिजे? सरकारने येऊन तुझे पाय धरायचे?"

अस्नाकेचने त्यांच्यापुढे आणखी एक इंजेरा ठेवला. मग म्हणाली, "बरं. तुम्ही उंबरा ओलांडून आलात, तुमचा शब्द मोडायची नाही. सोमवारी मागे घेते. सरकारला जामीन कोण?"

"म्हणजे?"

"माझ्या आजोबांचा विहिरीचा तंटा ज्येष्ठांनीच मिटवला. पण समोरच्याला जामीन उभा राहिल्याशिवाय कुणी जागचं हललं नाही. उद्या बोलावणं आलं नाही, तर मी कोणाच्या दारात जाऊन बसायचं? तुमच्या, आतो देम्से?"

देम्सेंना एकदम आपला रक्तदाब आठवला. डॉक्टरांनी जबाबदारी घ्यायची नाही असं सांगितलं होतं म्हणे. मुलुगेतांच्या दुकानाचा परवाना याच महिन्यात संपत होता.

"धर्मगुरूने असल्या व्यवहारात जामीन राहू नये, असा नियम आहे," अब्बा म्हणाले.

"कुठला, अब्बा?"

"आहे."

रिवाजाच्या कॉफीच्या तिन्ही फेऱ्या मात्र तिघांनी पुऱ्या केल्या. थंडी यंदा लवकर पडणार, यावर तिघांचंही एकमत झालं.

ते गेल्यावर अस्नाकेचने मरियमच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. सोमवारी होल्झमनबाईंना म्हणाली, "मागे घेणार नाही. थांबवा. आणि जामीन न्यायाधीशाला करा. इथे दुसरं कोणी तयार नाही." न्यायाधीशाने तसं लिहूनही दिलं : अमुक महिन्यात मुलाखत आणि त्याच्या पुढच्या महिन्यात निर्णय झाला नाही तर दावा पुन्हा सुरू.

कचेरीने त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी बोलावलं. अधिकारी तरुण होता, नम्र होता. "इतकी वर्षं आपण इथे काय करत होता?" त्याने विचारलं.

"तुमची वाट बघत होते," ती म्हणाली. त्याने ते टिपून घेतलं.

मग कचेरीने पुन्हा हात पुढे केला : निर्णयाला आणखी सहा महिने लागतील, तोवर दावा झोपलेलाच असू द्या. होल्झमनबाईंचं मत पडलं, देऊन टाकावेत. आता नाही म्हणणं म्हणजे ज्यांच्या हातात निर्णय त्यांनाच डिवचणं. नकार आला तर बेझा कायमची तिकडे. अस्नाकेचने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"उठवा दावा," ती म्हणाली.

तीन आठवड्यांत पाकीट आलं. नऊ वर्षं चाललेला विचार संपला होता. अर्ज मंजूर.

रविवारी अब्बांनी प्रवचनात सांगितलं, की ज्येष्ठांची मध्यस्थी फळाला आली, देवाची कृपा. देम्से उठून उभे राहिले, सगळीकडे वळून त्यांनी नमस्कार घेतले. अस्नाकेचच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीने बसली होती. तिने कोणाला काही सुधारून सांगितलं नाही. देवाची कृपा होती हे तर तिलाही मान्यच होतं.

मुलीच्या कागदांना अजून काही महिने जाणार होते, पण कोट तरी घेऊन ठेवावा म्हणून ती परस्पर दुकानात गेली. तिथे कोटांच्या रांगेपुढे उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, फोनवर आजवर बेझाचा नुसता चेहराच पाहिलाय. तिने तिथूनच फोन लावला.

"माप पाहिजे गं. मावशीच्या कुठपर्यंत येतेस तू?"

तिकडे दोघींची काहीतरी हलवाहलव झाली.

"अम्मा," बेझा म्हणाली, "मावशीच माझ्या खांद्याला येते."