चिठ्ठीशिवाय सिरिंज नाही

बेंगळुरूत यशवंतपूरला माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या काचेवर एक पाटी होती, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज मिळणार नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, नियम आहे. कुठल्याही अधिकाऱ्यानं मला तसं सांगितलेलं नव्हतं, आणि मीही कधी चौकशी केली नव्हती. आजूबाजूच्या दुकानांत अशा पाट्या होत्या म्हणून मी लावली. ‘तसली’ माणसं दुकानासमोर नकोत, एवढाच विचार होता. त्या पाटीकडे बोट दाखवून मी माझ्या आत्तेभावाला परत पाठवलं. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि माझ्याच घरात वाढलेला.

त्या संध्याकाळी दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. तो मंडीतून आला होता. तिथे तो पोती उचलायचा. डोक्याला मळका पंचा, हाताच्या शिरांवर काळे डाग.

“अण्णा, एक सिरिंज दे ना. नवी.”

आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. थोरल्या भावाला आम्ही इथल्यासारखंच अण्णा म्हणतो. तो मराठीत बोलला तशी सगळ्या गिऱ्हाइकांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. हा याचा कोण? मी कन्नडमध्ये उत्तर दिलं, जसं अनोळखी माणसाला देतात तसं.

“चिठ्ठी आहे का? नाही ना? मग स्वल्प बाजूला व्हा, लोक थांबलेत.”

तो हसला, आणि तोही कन्नडमध्येच बोलला. “सरी सार, ठीक आहे. नवी नाही तर नाही. पुलाखाली एक आहे जुनी. चौघांत चालते आमची.”

तो गेल्यावर पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ म्हणाले, “अशांना पायरीसुद्धा चढू देऊ नये.” त्यांच्या हातात इन्सुलिनच्या दहा सिरिंज होत्या, नुकत्याच मी दिलेल्या. चिठ्ठी मी मागितली नव्हती. ते चांगल्या घरचे होते.

माझ्या वडिलांनाही साखर आहे. रोज सकाळी मी त्यांना नवी सिरिंज फोडून इन्सुलिन देतो. एकदा वापरलेली पुन्हा वापरू नये, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. म्हणजे त्या संध्याकाळी मी काय करतोय, हे मला ठाऊक होतं. अडाणीपणाची सबब मला नाही.

आत्या गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि त्याला आमच्याकडे आणून सोडलं. तो रात्री अंथरूण ओलं करायचा. माझे वडील, म्हणजे त्याचे मामा, सकाळी ते ओलं अंथरूण त्याच्या डोक्यावर द्यायचे आणि त्याला मागच्या न्हाणीघरात उभं करायचे. बागेला पाणी घालायचा रबरी पाइप तिथेच असायचा. आई स्वयंपाकघरात मिक्सर सुरू करायची. सकाळी सहाला आमच्या घरी चटणी का वाटतात, असं कोणत्याही शेजाऱ्यानं विचारलं नाही. मारून झालं की वडील मला हाक मारायचे, “कडी लाव रे.” आणि मी बाहेरून कडी लावायचो.

एकदा आई माहेरी गेली होती. वडील कडी लावायला सांगून कामावर निघून गेले आणि त्याला सोडायचं विसरले. मी शाळेचे बूट घालत होतो. तो आतून म्हणत होता, “अण्णा, मामा गेले ना? काढ ना कडी.” माझा हात कडीपर्यंत सहज पोचत होता. मी दप्तर उचललं आणि शाळेत गेलो. साडेचारला परत येऊन कडी काढली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते. मला म्हणाला, “सांगू नको हं, मी रडलो ते.”

सोळाव्या वर्षी त्यानं घर सोडलं. नातेवाईक म्हणाले, रक्तच तसलं. सगळ्या लग्नांत आणि बारशांत मी हेच ऐकत आलो, ‘त्यानं स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं.’ वर्षानुवर्षं मीही मान डोलावली. आज ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्वतःच्या हातानं? आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ओलं अंथरूण कुणाच्या हातानं ठेवलं? कडीला कुणाचा हात होता?

पाटीच्या त्या प्रसंगानंतर दोनेक वर्षांनी एक बाई दुकानात आल्या. सुया टोचून नशा करणाऱ्यांना नव्या सिरिंज देणारं एक केंद्र आहे. तिथे त्या काम करतात. खांद्याला पिशवी, उन्हात रापलेला चेहरा. त्यांनी आधी पाटी वाचली.

“हीच का ती पाटी?” त्या म्हणाल्या. “तुमच्या भावानं वर्णन केलं होतं. अक्षर छान आहे म्हणाला.”

मग मला एका बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं. एचआयव्ही आहे. सी प्रकारची कावीळही आहे. दोन्हींवर औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात. पण एकदा गोळ्या सुरू करून त्यानं सोडल्या होत्या. “पुन्हा सोडल्या तर तो जाईल, सार. डॉक्टर म्हणतात घरचं कुणीतरी बरोबर आणा. तो म्हणतो घरचं कुणी नाही. मी म्हटलं, बघून तरी येते.”

मी विचारलं, “त्या दिवशी मी दिली असती तर...?”

“ते मला कसं कळणार?” त्या फटकन म्हणाल्या. “पण त्या दिवशीची तरी नवी असती ना?”

सोमवारी मी त्यांनी सांगितलेल्या सरकारी दवाखान्यात गेलो. तो बाकावर बसला होता, निम्मा झालेला. माझ्याकडे बघून म्हणाला, “या सार. चिठ्ठी आणलीय?”

समुपदेशक मुलगी तरुण होती. तिनं फॉर्म भरत विचारलं की सुई पहिल्यांदा कधी घेतली. तो म्हणाला, “मंडीत पाठ धरली होती. एकानं दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली, मेडम. लहानपणापासून झोपायची भीती वाटायची.”

तिनं पेन खाली ठेवलं. “लहानपणी घरात कुणी मारायचं? कोंडून ठेवायचं?”

इतक्या दवाखान्यांत तो आजवर गेला होता. त्याला किती जणींकडे जातोस, किती जणांत सुई वापरतोस, लाज वाटत नाही का, हे सगळं विचारून झालं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ज्याचं अंग आठव्या वर्षापासून इतरांनी वाट्टेल तसं वापरलं, त्यानं ते जपावं कसं, हे त्याला कुणी शिकवायचं होतं? आणि आम्ही सगळे सुशिक्षित लोक दुकानांवर पाट्या लावून बसलो होतो.

त्यानं अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. “यांना विचारा. कडी हेच लावायचे.”

बाहेर व्हरांड्यात मी त्याचा हात धरला. “मला माफ कर. सिरिंज द्यायला हवी होती मी.”

त्यानं हात सोडवून घेतला. “इथे काय माफी मागतोस? इथे तुला कोण ओळखतं? दुकानात माग. गर्दी असताना. आणि मराठीत. आणि सिरिंजचं राहू दे, अण्णा. दुसरं काय ते तुला माहीत आहे.”

“गोळ्या घेशील ना?”

“बघू. तू ये तर आधी.”

दुकानात परत येऊन मी पाटी काढली. ते सोपं होतं. उरलेल्यासाठी मला अकरा दिवस लागले. ते मी लपवणार नाही. अकरा दिवस मी दुकानात गिऱ्हाईक कमी असलेली वेळ शोधत होतो. शेवटी मी त्या बाईंना फोन केला आणि म्हटलं, त्याला शनिवारी संध्याकाळी घेऊन या.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. वडील, हल्ली संध्याकाळी येऊन बसतात तसे, फ्रीजशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तो पायरीखालीच थांबला. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो. आधी गिऱ्हाइकांना कन्नडमध्ये सांगितलं, कारण नाकारलं होतं तेही कन्नडमध्येच, “हा माझा भाऊ आहे.” पांढऱ्या बुटांचे गृहस्थ पिशवी पोटाशी धरून बघत राहिले.

वडील म्हणाले, “काय तमाशा लावलायस? आत ये.”

मी आत गेलो नाही. पायरी उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि मराठीत, वडिलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो:

“मामा तुला मारायचे आणि कडी मी लावायचो. त्या दिवशी ते कामावर गेले होते, घरात कुणी नव्हतं, मला कुणाची भीती नव्हती. माझा हात पोचत होता. तू हाक मारत होतास आणि मी शाळेत गेलो. आणि या दुकानात पुन्हा तेच केलं. चूक तुझी नव्हती, कधीच नव्हती. मला माफ कर.”